बिघडलेल्या मास्तरांची गोष्ट

महोदय,

रोज रात्री सासू-सुनांची भांडणं बघून कंटाळलेल्यांनी 'ब्रेकिंग बॅड' जरूर बघावी. मालिका जुनी आहे, २००८ ते २०१३ मधली. पाच पर्वं, ६२ भाग. मी यंदा पाहिली, तीही मुलाने लावून दिली म्हणून.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या अल्बुकर्की शहरातला वॉल्टर व्हाइट शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. पगार पुरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर गाड्या धुण्याच्या ठिकाणी कामाला जातो. तिथे गुडघे टेकून आपल्याच विद्यार्थ्याच्या गाडीची चाकं घासतो, तेव्हा मी उठून पाणी प्यायलो. (तीस वर्षं हातात खडू होता माझ्या.) पन्नाशीला फुप्फुसाचा कर्करोग निघतो आणि हा पापभीरू गृहस्थ मेथ हे अमली द्रव्य बनवायला लागतो. घरच्यांसाठी, असं तो सांगतो. आपणही बराच काळ मान डोलावतो.

तिसऱ्या भागात तळघरात जखडलेल्या माणसाला तो सँडविच नेऊन देतो, तेही पावाच्या कडा कापून! आणि त्याच माणसाला मारावं की सोडावं, याची कागदावर दोन रकाने आखून यादी करतो. अगदी पेपर तपासायला बसल्यासारखी. वॉल्टर झालेल्या ब्रायन क्रॅन्स्टन या नटाने हे असं काही केलंय की त्याची कीवही येते आणि भीतीही वाटते.

सुरुवात संथ आहे, पण पहिलं पर्व सातच भागांचं; तेवढा धीर धरावा. नातवंडं झोपल्यावरच लावावी मात्र.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा