कराची मुंबई इलाख्यात होती

मा. संपादक, स. न.

फाळणीवरील लेखन दरवर्षी ऑगस्टमध्ये वाचायला मिळते आणि ते बहुतांशी पंजाब व बंगालपुरते राहते. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, याची आठवण मात्र महाराष्ट्रातही क्वचितच निघते. कराचीतील एन. जे. व्ही. शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्यांचे नाव मिरवते (इकडे ते किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे). त्यापूर्वी भारतात कधीही न आलेले सर सिरिल रॅडक्लिफ जुलै १९४७ मध्ये येथे पोहोचले आणि त्यांनी आखलेली सीमा १७ ऑगस्टला, म्हणजे दोन्ही देश स्वतंत्र झाल्यानंतर, जाहीर झाली. वाटणीचा हट्ट तर इतका, की मोहेंजोदडोतील एक कंठहार चक्क तोडून त्याचे मणी दोघांनी वाटून घेतले. तेथीलच कांस्य नर्तिका आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि ‘पुरोहित राजा’ हा पुतळा कराचीत. हे दोघे एकाच नगरात सापडले, एवढे तरी पाठ्यपुस्तकात मुलांना स्पष्टपणे सांगायला हरकत नसावी.

– एक वाचक