भिंत हद्दीवर नेण्याआधी

चि. अनय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "आई, उतारावर सगळेच असं करतात" म्हणालास आणि मी फोन ठेवून दिला. रागानेच ठेवला. म्हणून आता लिहिते आहे, बोलायला गेले की माझा आवाज चढतो.

मंजूर नकाशात घरामागची, माती अडवणारी भिंत हद्दीपासून ३ मीटर आत आहे. ठेकेदार म्हणतो, ती हद्दीवर नेऊ, भराव टाकू, सपाट अंगण मिळेल. तुझा उतार १:४ आहे, म्हणजे चार मीटर पुढे गेलं की जमीन एक मीटर खाली जाते. माथ्याची पातळी तीच ठेवून भिंत ३ मीटर खाली सरकवलीस की तिची उंची ३ मीटरवरून पावणेचार मीटर होते. मातीचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दीडपटीहून जास्त. भिंत उलथवणारा जोर घनाने वाढतो, तो जवळजवळ दुप्पट होतो. वाढली पाऊण मीटर, आणि जोर दुप्पट! सळई मात्र ठेकेदार जुन्याच नकाशातली धरून चालला आहे.

पण माझी खरी काळजी पाण्याची आहे. भिंतीमागे वरपर्यंत पाणी तुंबलं, तर कोरड्या मातीच्या दुपटीहून अधिक रेटा येतो. म्हणून भिंतीत वीप होल, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी भोकं, ठेवायची: ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची, दीड-दोन मीटर अंतरावर, ओळी एकाआड एक सरकवून. मागे फूटभर जाडीचा खडीचा थर, खडी आणि भरावाच्या मध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), तळाला भोकांचा पाइप, त्याला शंभराला एक उतार, आणि त्याचं तोंड उघड्यावर. आता सांग, भिंत हद्दीवर असली तर ही भोकं उघडणार कुठे? खालच्यांच्या अंगणात. पहिल्याच पावसात ते तक्रार करतील आणि कुणीतरी घमेलंभर सिमेंट घेऊन ती बुजवेल. बाहेरून भिंत कोरडी, नीटनेटकी दिसेल, आणि आत पाणी चढत राहील.

ते ३ मीटर तुला वाया गेलेली जागा वाटते. उतारावर तीच पाण्याची वाट असते आणि भिंतीच्या पायाचीही. पायाची रुंदी उंचीच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत लागते आणि त्यातला काही भाग भिंतीच्या पुढे यावा लागतो. हद्दीवर पुढे तुझी जमीनच नाही.

लहानपणी घाटात गाडी थांबली की तू भिंतीतल्या भोकात बोट घालून "ही आतून ओली आहे" असं ओरडायचास. बाबांना त्याचं केवढं कौतुक होतं. मामीला तर त्यांनी पत्रात कळवलं होतं.

नियमापासून तसूभर हलू नकोस, असं मी म्हणत नाही. बरेच नियम सपाट जमीन समोर ठेवून लिहिलेले असतात, उतारावर ते खरोखर अडतात. पण सवलत मागायची ती बांधण्याआधी, आणि योग्य बाजूला. मागे नको, पुढे माग. तुझा प्लॉट रस्त्यापासून खाली उतरतो. जोत्याची पातळी तीच ठेवून घर रस्त्याकडे २ मीटर सरकवलंस, तर मागच्या बाजूची उंची अर्ध्या मीटरने घटते. पुढच्या सामासिक अंतरात, म्हणजे नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत, सवलत मागायला हे सबळ कारण आहे, कारण अडचण जमिनीची आहे, हौसेची नाही. किंवा घरच दोन पातळ्यांत तोड. १२ मीटर खोलीच्या घराखाली ३ मीटरचा फरक पडतो. एका पातळीवर बसवलंस तर दीड मीटर खोदाई आणि दीड मीटर भराव. मध्ये दीड मीटर उंचीचा जिना घेऊन दोन भाग केलेस, तर दोन्ही पाऊण-पाऊण. मग कदाचित सवलत लागणारही नाही.

अर्जासोबत खोदाईपूर्वीचा कंटूर सर्व्हे जोड, म्हणजे दर अर्ध्या मीटर उंचीला एक समपातळीची रेषा दाखवणारा जमिनीचा नकाशा. जमीन उभी कापल्यासारखे किमान तीन छेद दे, मूळ जमीन तुटक रेषेत, शेजारच्यांच्या पातळ्यांसह. नियमात बसणारा पर्याय आणि तुझा पर्याय शेजारी-शेजारी मांड, दोन्हींचे खोदाईचे घनमीटर लिहून. इमारतीची उंची कुठल्या पातळीपासून मोजणार, ते लेखी विचारून घे. एकदा जेसीबी फिरला की मूळ जमीन कुठे होती, हे दाखवणं कठीण होतं.

"नंतर नियमित करून घेऊ" हे तर डोक्यातूनच काढ. जे आधी मागितलं असतं तरी मिळालं असतं, तेवढंच बहुधा नंतर नियमित होतं. बाकीचं पाडायला सांगतात. आणि ज्या भिंतीने भराव धरला आहे आणि भरावावर घराचा कोपरा टेकला आहे, ती पाडायची कशी? तिच्यामागे पाणी असेल तर कुणी हात लावायलाही धजणार नाही.

पुन्हा पाण्यावरच आले. आणि भाषणही झालं, माफ कर. पूर्वाने तू काढलेल्या खिडक्यांचे नकाशे दाखवले. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येईल अशी खिडकी काढली आहेस. मी ते दोनदा उघडून पाहिले. तुझं तू घर उभं करतो आहेस, याचा मला किती आनंद आहे, हे फोनवर सांगायचं राहूनच गेलं.

खोदाईवाल्याला तूर्त थांबव. सुरू करशील तेव्हा उतार सलग कापू नकोस. दोन-तीन मीटरचे पट्टे घे, एक सोडून एक, आणि त्याआधी वरच्या अंगाला पाणी वळवणारी चर मार.

तुझी,
आई

ता. क. तळाच्या पाइपचं तोंड कुठे निघणार, ते नकाशावर लाल पेनाने दाखवून फोटो पाठव.