नैराश्य आणि बायपोलर एक नव्हे

महोदय,

नैराश्याच्या गोळ्या घेणारा माणूस दोन-तीन तासांच्या झोपेवरही टवटवीत दिसू लागला, की घरच्यांना हायसं वाटतं. आमच्या शेजारी तेच झालं. मुलगा पहाटे तीनला रंकाळ्यावर फेऱ्या मारायचा, गुजरीत जाऊन उधारीवर दागिने ठरवून आला, बोलणं तर थांबेचना. 'सावरला पोरगा' म्हणून आईने अंबाबाईची ओटी भरली. तो उन्माद होता, म्हणजे बायपोलर या मनाच्या आजारातली चढती अवस्था.

नैराश्यात मन खचतं. बायपोलरमध्ये ते खचतंही आणि कधी आठवडाभर, कधी त्याहून जास्त भलतंच चढतंही. रुग्ण डॉक्टरकडे जातो तो बहुधा खचलेला असताना, म्हणून निदान चुकतं. अशा रुग्णाला नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर उन्माद उफाळू शकतो; त्याला लिथियमसारखी मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधं लागतात. पूर्वी असे चढते दिवस आले होते का, घराण्यात कुणाला हा आजार होता का, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना आपणहून सांगावं. सोयरीक अडेल म्हणून कृपा करून लपवू नका. गोळ्याही मनानेच बंद करू नका. शंका असल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर