मामा, सात नंबरच्या मशीनवरून

प्रिय मामा,

सा. न. वि. वि.

31 मेला तुम्ही आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या नोकरीतून रिटायर झालात. निरोप समारंभाचा व्हिडिओ आमच्या बॅचच्या ग्रुपवर कोणीतरी टाकला होता. शाल, श्रीफळ, गुच्छ आणि तीन भाषणं. तिन्ही भाषणांचा सूर एकच: मामा कधी उशिरा आले नाहीत, लॅबच्या किल्ल्या कधी हरवल्या नाहीत, प्रोजेक्टर बंद पडला की मामांनाच हाक जायची. मी शेवटपर्यंत वाट बघत होतो की कोणीतरी मेक म्हणेल, म्हणजे फाइलींतून प्रोग्राम बांधून देणारं ते टूल, किंवा जीडीबी म्हणेल, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत डोकावणारं. कोणी म्हणालं नाही. तुम्ही आपले शाल सावरत खाली बघत होतात.

रात्री फोन केला तर म्हणालात, "आभार कसले मानतोस? आलास की चहा पाज." चहा पाजीनच. पण हे पत्र उघडपणे लिहितोय, कारण त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या बऱ्याच जणांची तुमच्याकडे माझ्यासारखीच उधारी आहे आणि त्यांनीही ते कबूल करावं असं मला वाटतं.

माझी उधारी लेखी आहे. आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये, काळं रेक्झिन आणि सोनेरी अक्षरांच्या त्या जाडजूड बाडात, ऋणनिर्देशाचं एक पान आहे. प्राचार्य, विभागप्रमुख, गाइड, आईवडील, मित्रमंडळी. तुम्ही नाही. ते पान आम्ही सिनिअरच्या रिपोर्टवरून जसंच्या तसं उचललं होतं, फक्त गाइडचं नाव बदललं. मेकफाइलही, म्हणजे काय कशापासून बांधायचं ते मेकला सांगणारी यादी, त्याच सिनिअरची उचलली होती. ती तर आम्ही उघडूनसुद्धा बघितली नव्हती.

तुम्हाला आठवतंय का बघा. फेब्रुवारी 2012, सबमिशनला आठ दिवस. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची नोंद ठेवणारा आमचा सी मधला प्रोग्राम. गाडीचं भरलेलं वजन, रिकामं वजन, वजाबाकी केली की ऊस. गाइडनी ऐनवेळी सांगितलं की पाचटाची कपातही दाखवा. आम्ही हेडर फाइलमधल्या (बाकीच्या सगळ्या फाइली जिच्या व्याख्या वापरतात ती) गाडीच्या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे एका गाडीची माहिती ठेवायच्या साच्यात, मधोमध एक नवा आकडा घुसवला, दोन फाइली दुरुस्त केल्या, मेक केलं आणि चालवून बघितलं. पहिली गाडी बरोबर. दुसऱ्या गाडीचा खाते क्रमांक शून्य आणि ऊस उणे 17,823 किलो. म्हणजे शेतकऱ्याने कारखान्याला ऊस घालायचा सोडून कारखान्यानेच शेतकऱ्याला सतरा टन परत केल्यासारखं.

दोन दिवस आम्ही तिघांनी दिसेल तिथे प्रिंटएफ, म्हणजे आकडे छापून बघायच्या ओळी, पेरले. कोड डोळ्यांखालून इतक्यांदा घातला की पाठ झाला. चूक सापडेना, कारण कोडमध्ये चूक नव्हतीच.

संध्याकाळी सात वाजता तुम्ही लॅब बंद करायला आलात. बोटात किल्ल्यांचा जुडगा, दोन्ही हात पाठीमागे. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण त्या चार वर्षांत मी तुम्हाला कोणाच्या कीबोर्डला बोट लावताना पाहिलं नाही. तुम्ही विचारलंत, "हात कुठल्या कुठल्या फाइलला लावला?" म्हटलं, हेडरला, मेनला आणि नोंदीच्या फाइलला. "आणि कंपाइल कोण कोण झालं?" मी स्क्रीन वर सरकवली. दोनच नावं. हिशेबाच्या फाइलचं नाव त्यात नव्हतं, पण मला ते दिसूनही दिसलं नाही. तुम्ही म्हणालात, "बरं. जीडीबी लाव."

मग तुम्ही एकेक सांगत गेलात आणि मी टाइप करत गेलो. हिशेबाच्या फंक्शनवर ब्रेक. रन. थांबलं. "आता त्याला विचार, गाडीच्या स्ट्रक्चरचा साइझऑफ किती?" उत्तर आलं 28 बाइट. "अप म्हण. एक पायरी वर जा, मेनमध्ये. आता तेच परत विचार." 32.

तुम्ही एवढंच म्हणालात, "गाडी एकच, आणि दोन काट्यांवर दोन मापं?"

आमच्या तिघांच्या डोक्यात लख्ख पडलं ते तेव्हा. हिशेबाची डॉट ओ फाइल, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेली, तीन दिवसांपूर्वीची होती. तिच्या लेखी गाडी अजून 28 बाइटांची. बाकीच्यांनी गाड्या 32-32 च्या अंतरावर लावल्या होत्या. पहिली गाडी दोघांचीही एकाच जागी सुरू होते म्हणून ती बरोबर. दुसरीला हिशेबवाला चार बाइट आधीच पोचायचा, पहिल्या गाडीच्या नंबराचं रिकामं शेपूट खाते क्रमांक समजून वाचायचा, खऱ्या खाते क्रमांकाला भरलेलं वजन समजायचा आणि भरलेल्या वजनाला रिकामं. 417 उणे 18,240. आकडा पै न् पै जुळला. चुकीचं उत्तर इतकं बरोबर असतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मेक क्लीन करून सगळं नव्याने बांधलं असतं तर पाच सेकंदांत काम झालं असतं. माझा मित्र तेच टाइप करायला लागला तेव्हा तुम्ही त्याला थांबवलंत: "घर आवरायचं म्हणून घर पाडतोस का?" मग मेकफाइल उघडायला लावलीत. हिशेबाच्या नियमात कोलनच्या पुढे फक्त सी फाइलचं नाव होतं, हेडरचं नव्हतं. मेकला कोणी सांगितलंच नव्हतं की हेडर बदललं तर हिशेबही पुन्हा बांधायचा. एक शब्द वाढवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्याही पुढे गेलात: "ही यादी तू हाताने कशाला सांभाळतोस? कोणती हेडर उघडली ते जीसीसी कंपायलरला ठाऊकच असतं. त्याला -एमएमडी दे, तो स्वतःच डॉट डी फाइलीत लिहून ठेवतो. तू मेकफाइलच्या शेवटी त्या इन्क्लूड कर की झालं." ती ओळ त्यानंतर मी लिहिलेल्या प्रत्येक मेकफाइलमध्ये आहे.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय, जी मला पुढे कधीतरी कळली. तुम्हाला ती आवडेल. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत 1976 साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं ते नेमकं याच कारणासाठी! त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन, म्हणजे याक हे कंपायलर बनवायला मदत करणारं टूल लिहिणारे, एक दिवस नशिबाला शिव्या घालत त्यांच्या खोलीत शिरले. अख्खी सकाळ त्यांनी एक बरोबर असलेला प्रोग्राम डीबग करण्यात घालवली होती. चूक केव्हाच दुरुस्त झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. फेल्डमन स्वतः आदल्या संध्याकाळी त्याच खड्ड्यात पडले होते. त्या शनिवार-रविवारी मेक तयार झालं. म्हणजे आम्ही मेक वापरूनसुद्धा, मेक ज्या रोगावर निघालं त्याच रोगाने आजारी पडलो होतो. औषध घेतलं होतं, चिठ्ठी वाचली नव्हती.

आणि तो टॅब. मेकफाइलमध्ये नियमाखालच्या ओळीच्या आधी टॅबच हवा, स्पेस चालत नाही, यावरून किती पोरांनी तुमच्या लॅबमध्ये डोकं आपटलं असेल. 'मिसिंग सेपरेटर, स्टॉप.' तुम्ही फाइल दाखवणाऱ्या कॅट कमांडला मोठा ए लावायला सांगायचात, की खरा टॅब तेवढा टोपीवाला आय होऊन दिसायचा. फेल्डमननी नंतर सांगितलंय की काही आठवड्यांतच मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून टॅब तसाच ठेवला. बारा जणांची सोय बघितली आणि पुढच्या पिढ्यांची गैरसोय झाली. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तुम्हाला फोन करावासा वाटला होता. केला नाही. तोही हिशेब या पत्रात धरा.

सात नंबरच्या मशीनचं तर वेगळंच. लोडशेडिंग संपून वीज आली की ते 1 जानेवारी 2002 ला जागं व्हायचं. मी कोड बदलतोय, सेव्ह करतोय आणि मेक म्हणतंय सगळं अप टू डेट आहे. तुम्ही मला 'डेट' टाइप करायला लावलंत आणि खिशातून सीआर2032 चा सेल काढलात. "मेक तुझा कोड वाचत नाही रे, ते फक्त घड्याळ बघतं. कोणती फाइल आधीची, कोणती नंतरची, एवढंच. तुझी नवी फाइल दहा वर्षं जुनी दिसतेय त्याला." बोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा मेलेला सेल काढून नवा बसवलात. ते सेल तुम्ही स्वतःच्या पैशाने आणायचात, कारण मागणीपत्राला चार महिने लागायचे, हे आम्हाला कळलं ते फार नंतर. भाषणांत तेही आलं नाही.

मशीनींवर उबुंटू लिनक्स 11.10 टाकलं तेव्हाचा गोंधळही तुम्हीच निस्तरलात. वर्षानुवर्षं चालणाऱ्या मेकफाइली अचानक 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी', म्हणजे वर्गमूळाचं फंक्शन सापडत नाही, म्हणून ओरडायला लागल्या. -एलएम, म्हणजे गणिताची लायब्ररी जोडायची सूचना, तर लिहिलेलं होतं! पण ते सुरुवातीला होतं, आणि या आवृत्तीत लिंकर, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा, कडक झाला होता: तोपर्यंत ज्या लायब्ररीची गरज पडलेली नाही ती तो सरळ सोडून द्यायचा. तुम्ही फळ्यावर एक ओळ लिहून ठेवलीत, ती सेमिस्टरभर कोणी पुसली नाही: 'मागणारा आधी, देणारा नंतर.' लिंकिंगवर मी नंतर बरंच वाचलं. त्या ओळीत मावत नाही असं बरंच असतं, पण त्या ओळीइतकं कामाला काही आलं नाही.

मला नेहमी कुतूहल होतं की तुम्ही हे शिकलात कुठे. बारावीनंतर अटेंडंट म्हणून लागलात, एवढंच माहीत होतं. शेवटच्या वर्षी एकदा सांगितलंत: कॉलेजात पूर्वी एक युनिक्सचं मशीन होतं, त्याला टर्मिनलं जोडलेली. दुरुस्तीला येणारा इंजिनिअर तुम्हाला शेजारी बसू द्यायचा. मॅन पेजेस, म्हणजे कमांडांची माहितीपानं, तुम्ही डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापून घेतलीत आणि सुतळीने शिवलीत. इंग्रजी अडलं की डिक्शनरी. ते बाड कपाटाच्या वरच्या खणात असायचं आणि तुम्ही ते कोणाला घरी नेऊ द्यायचा नाहीत.

एका बाबतीत मात्र तुमचं माझं जमलं नाही, आजही जमणार नाही. बटण दाबून रन करणाऱ्यांना तुम्ही "रिमोटवाले" म्हणायचात. मामा, मी आता रिमोटवालाच आहे. ऑफिसात बांधणीचे नियम लिहून देणारं सीमेक आहे, खाली मेकच्या जागी निन्जा आहे, एडिटरमध्ये हिरवं बटण आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. फरक एवढाच की बटणामागे काय चालतं ते मला दिसतं. मागच्या वर्षी आमच्या टीमने एका आपोआप बदलणाऱ्या व्हेरिएबलमागे दोन दिवस घालवले. प्रत्येकाचा एकेक संशयित होता. मी जीडीबीत त्यावर वॉच, म्हणजे पाळत, लावला आणि कंटिन्यू म्हणून चहाला गेलो. परत आलो तर प्रोग्राम नेमक्या त्या ओळीवर थांबलेला, जुनी किंमत आणि नवी किंमत दोन्ही दाखवत. शेजारच्या ॲरेत एक घर जास्त लिहिलं जात होतं. नवी मुलगी म्हणाली, "सर, हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, आमच्या मामांकडे. तिला वाटलं, आईचे भाऊ.

तिला मी आता तुमची दुसरी शिकवण देतोय. शंभर एरर आल्या तरी पहिलीच वाचायची, बाकीची तिची पिलावळ. ती अजून खालून वर वाचते. मी हात पाठीमागे बांधून उभा राहतो. मामा, हे फार अवघड आहे हो! समोरचा चुकीची की दाबतोय हे दिसत असताना हात मागे ठेवायचे म्हणजे काय ते आता कळतंय.

एक विचारायचं राहिलं. सुतळीने शिवलेलं ते बाड तुम्ही घरी नेलंत ना? लॅबमधली जुनी कपाटं उन्हाळ्यात भंगारात गेल्याचं ऐकलंय. तुमच्याकडे असेल तर उत्तम. नसेल तर आजच सांगा, मी रविवारी भंगारवाल्याकडे जाऊन येतो.

रिपोर्टची माझी प्रत माळ्यावरून काढली आहे. ऋणनिर्देशाच्या पानावर आईवडिलांच्या वर एका ओळीची जागा आहे. चहाला येईन तेव्हा ती घेऊन येतो. तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मला तेव्हा सांगा. चार वर्षांत ते मी कधी विचारलंच नाही.

तुमचा,
सात नंबर, खिडकीकडची रांग