अक्का, पहिला तोडा झाला

अक्का, नमस्कार.

परवा मिरचीचा पहिला तोडा झाला. तीन पोती भरली आणि तिन्ही गोव्याच्या गाडीत चढली. गाडी चोर्ला घाटाकडे निघाली तेव्हा बाबांनी पहिलं नाव तुमचं घेतलं. तुम्ही मराठी आमच्यापेक्षा गोड बोलता, पण वाचत नाही. हे पत्र मी घरी येऊन तुम्हाला वाचून दाखवणार आहेच. तरी चारचौघांना कळायला हवं, म्हणून उघड लिहितोय.

पाडव्याच्या आधीचा तो आठवडा आठवतो ना? बाबांचा हात प्लास्टरमध्ये. लावणीला ठरलेली माणसं आयत्या वेळी दुसरीकडे गेली. नर्सरीतून मिरचीचे 75 ट्रे सकाळी अकराला बांधावर उतरले आणि 20 गुंठ्यांच्या कोरड्या सऱ्या समोर पसरलेल्या. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तुम्ही पाच बायकांना घेऊन आलात. मी लगेच "लावायला घ्या" म्हटलं, तर तुम्ही पदर खोचून चिंचेखाली बसलात.

"थांब की तम्मा. उन्हात लावलंस तर रोप पण जाईल, आमचे कष्ट पण जातील."

मला वाटलं, दिवस वाया चालला. तुम्ही मात्र ट्रे सावलीत ओढून घेतले, त्यांवर पाणी शिंपडलं आणि मला सऱ्या भिजवायला पाठवलं. साडेतीनला लावण सुरू झाली. संध्याकाळी लावलेल्या रोपाला रात्रभर गारवा मिळतो, सकाळचं ऊन वर यायच्या आत ते मातीत जरा सावरतं, हे तुम्ही काम करता करताच सांगितलंत. मी रोप खोडाला धरून ओढत होतो. तुम्ही माझा हात धरलात. ट्रेच्या खालून अंगठ्याने हलकं दाबायचं, मुळांची गड्डी वर आली की पानाला धरून उचलायची. खोड चेंगरलं की रोप दोन दिवस हिरवं दिसतं आणि तिसऱ्या दिवशी मान टाकतं. त्या एका गोष्टीने माझी किती रोपं वाचवली असतील!

दोन संध्याकाळींत लावण उरकली. तुम्ही तीन ट्रे लावू दिले नाहीत, सावलीतच ठेवायला लावले. का ते मला आठवड्याने समजलं. त्या दिवशी सुट्टी असून तुम्ही एकट्याच आलात आणि सरी-सरीने फिरून नांग्या भरल्यात, मेलेल्या रोपांच्या जागी राखलेली रोपं लावलीत. मी पैसे पुढे केले, तर "माझंच काम अर्धं राहिलं होतं" म्हणून हात मागे घेतलात.

वळवाच्या आधी झाडांच्या बुडाला मातीची भर लावायचा हट्टही तुमचाच. मी म्हणत होतो, पुढच्या आठवड्यात बघू. बघत बसलो असतो तर त्या रात्रीच्या वाऱ्याने अर्धा प्लॉट आडवा केला असता. सकाळी गेलो तर झाडं भिजून उभी होती, कडेची तेवढी कलली होती. ती बाबांनी एका हाताने सरळ केली.

आणखी एक सांगायचं राहिलं. बाबा अंथरुणाला होते तेव्हा तुम्ही रोज कामावरून परतताना दारात थांबून कानडीत "ऊटा आतेन्री?" विचारत होता. जेवले का, एवढंच. आईला त्या दिवसांत दुसरं कुणी असं विचारणारं नव्हतं. ती अजून ते सांगताना डोळे पुसते.

रविवारी दुसरा तोडा आहे, पण तुम्हाला कामाला बोलवत नाही. माणसं ठरवलीत. आई भाकरी थापणार आहे आणि आपल्याच मिरचीचा खरडा करणार आहे. नांग्या भरल्याच्या दिवसाचा पगार तिने डब्यात वेगळा बांधून ठेवलाय. तो घ्यायला नको म्हणाल हे तिला ठाऊक आहे, म्हणून नातवंडांनाही घेऊन या. त्यांच्या हातात देईल म्हणते.

तुमचा,
तम्मा