बर्फाच्या पेटीतून आलेली कोमट इंजेक्शनं

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी,
घरपोच औषध सेवा विभाग

विषय : थंड ठेवायची इंजेक्शनं उशिरा व कोमट पोचवून पैसे परत नाकारल्याबद्दल

महोदय,

मी गुहागर तालुक्यात राहते. स्तनाच्या कॅन्सरसाठी मुंबईत माझी केमो चालू आहे, दर २१ दिवसांनी एक. हे पत्र मात्र चिपळूणच्या एका रुग्णालयातल्या खाटेवरून लिहिते आहे. उजव्या हाताला सलाईन असल्यामुळे मी सांगते आणि भाचा उतरवून घेतो.

केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली जातात. त्या वाढाव्यात म्हणून फिलग्रास्टिमची इंजेक्शनं लागतात. केमो संपून २४ तास उलटले की रोज एक, अशी पाच दिवस. ती २ ते ८ अंशात ठेवायची असतात, हे खोक्यावरच छापलेलं आहे. आधीच्या तीन वेळा मी ती मुंबईहूनच घेतली आणि थर्मासात बर्फ घालून तुतारी एक्स्प्रेसने आणली. रात्रभर थर्मास मांडीवर. या वेळी तुमची 'खेड्यापाड्यातही थंड पेटीतून घरपोच' ही जाहिरात भाच्याने दाखवली आणि मी थर्मास घरीच ठेवला. चूक म्हणायची तर माझी एवढीच.

पार्सल मंगळवारी येणार होतं, त्याच दिवशी मुंबईत केमो होती. बुधवारी पहाटे मी चिपळूणला उतरून घरी आले, तरी त्याचा पत्ता नव्हता. बुधवारी आणि गुरुवारी तुमच्या माणसांनी फोनवर एकच सांगितलं, "आज संध्याकाळपर्यंत येईल मॅडम." त्या भरवशावर आम्ही दुसरीकडे शोधलंही नाही. शुक्रवारी दुपारी पेटी आली. आतली जेलची पाकिटं हाताला कोमट लागत होती. उपकेंद्रातल्या सिस्टरनी खोकं उघडलं, हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "काकी, हे मी नाही टोचणार." संध्याकाळी भाचा एस.टी.ने चिपळूणला गेला. एका दुकानात दोनच मिळाली, ती त्याने थर्मासातून आणली. पाचातले पहिले तीन दिवस गेले ते गेलेच.

आमच्याकडे दाभोळहून तरीने मासळी घेऊन येणारी मावशी थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालते. मे महिन्याच्या उन्हात दुपारी दोनला तिची सुरमई बोटाला गार लागते. तिच्याकडे ना ॲप, ना ट्रॅकिंग.

पुढच्या गुरुवारी ताप १०१ वर गेला. केमोच्या पेशंटला १००.४ च्या वर ताप आला की थेट दवाखाना गाठायचा, हे आम्हाला पाठ आहे. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, २४० निघाले. ५०० च्या खाली असले की साधा जंतूही जिवावर बेततो. डॉक्टर स्पष्ट बोलले, वेळेवर इंजेक्शनं घेऊनही कुणाकुणाला हे होतं. म्हणून तापाचा दोष मी तुमच्यावर टाकत नाही. पण ते तीन दिवस तुमचेच.

आज इथला सहावा दिवस. पहाटे पाचला रक्त काढायला मुलगा येतो, केमोने कडक झालेली शीर त्याला दोनदा टोचल्याशिवाय सापडत नाही. अँटिबायोटिक आठ-आठ तासांनी. तोंड आल्यामुळे मऊ पेजच काय ती उतरते. कोशिंबीर बंद, सोलकढीसुद्धा बंद, कारण नारळाचं दूध कच्चं. नातू दाराच्या काचेतून हात हलवतो. पुढची केमो आठवडाभर लांबली आहे.

पैसे परत मागितले तर तुमचं उत्तर आलं, "औषध एकदा पोचल्यावर परत घेतलं जात नाही." परत घ्या असं मी म्हणतच नाही, ते कुणालाच देऊ नका. मला माझे साडेसहा हजार रुपये हवे आहेत. शिवाय मंगळवार ते शुक्रवार पेटी कुठे आणि किती तापमानात होती, ते लेखी कळवा. आणि जिथे बर्फ टिकवता येत नाही, तिथली ऑर्डर घेऊ नका.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंद करून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पावती, पेटीचे फोटो आणि सिस्टरनी लिहून दिलेली चिठ्ठी सोबत जोडली आहे.

फोन केलात तर सकाळी नऊ ते अकरा नको, तेव्हा डॉक्टर राऊंडला असतात.

आपली ग्राहक