यंत्रांबरोबर कामगारही घडवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वयंचलित यंत्रे आली की कामगारांच्या पोटावर पाय येतो, ही भीती निराधार नाही. परंतु याच यंत्रांमुळे नवी माणसे कारखान्याकडे वळतात, ही बाजू चर्चेत फारशी येत नाही. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात 'युनिमेट' हा औद्योगिक यंत्रमानव कामाला लागला, तो साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलण्यासाठी. आजही भट्टीपुढे उभे राहणे किंवा कंबर मोडेपर्यंत ओझी उचलणे तरुणांना नकोसे वाटते, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. अशी कामे यंत्रांनी अंगावर घेतली, की हेच तरुण कारखान्याकडे वळतात.

खरा लाभ मात्र शिकण्याचा आहे. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांनुसार धातू कापणाऱ्या, यंत्रावरचा कामगार ड्रॉइंग वाचतो, पहिला जॉब (यंत्रावर घडवलेला भाग) काढून मायक्रोमीटरने मापतो, टूल झिजून माप शतांश मिलिमीटरने सरकले की ऑफसेट (यंत्राला दिलेली टूलच्या मापातील दुरुस्ती) बदलतो आणि हळूहळू प्रोग्रॅमही लिहू लागतो. ऑपरेटर ते सेटर (नव्या कामासाठी यंत्राची जुळणी करणारा), सेटर ते प्रोग्रॅमर ही वाट समोर दिसत असेल, तर तो सहजासहजी नोकरी सोडत नाही.

यंत्रखरेदीत सढळ असलेले व्यवस्थापन प्रशिक्षणाच्या वेळी मात्र अनेकदा हात आखडता घेते, आणि मग कामगार केवळ बटण दाबणारा उरतो. म्हणून यंत्राची ऑर्डर देतानाच ते कोण चालवणार, त्याला किती दिवस उत्पादनाच्या तगाद्यातून मोकळे ठेवून शिकवणार आणि शिकल्यावर त्याचा पगार किती वाढणार, हे कारखानदारांनी कामगारांशी बोलून ठरवावे, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक